यंत्रमुकादमाची दस्तुरी

चिचगडच्या एका मुलीने गेल्या हिवाळ्यात मला एक साधा प्रश्न विचारला आणि अर्थशास्त्र शिकविण्यात उभे आयुष्य घालवूनही मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. मुलगी बी.एस्सी. झालेली आहे. दोन उन्हाळे तिने ग्रामसभेच्या तेंदूपत्ता फडीवर हिशेब ठेवले. रोज संध्याकाळी शेकडो पुडे मोजून घ्यायचे, कुटुंबवार नोंद करायची, खराब पुडे बाजूला काढायचे, वाळवण आणि भरलेली पोती यांचा मेळ घालायचा आणि आठवड्याच्या चुकाऱ्यात एका पैशाची तफावत येऊ द्यायची नाही, असे हे काम. नागपूरकडच्या एका गोदाम चालविणाऱ्या कंपनीत साठ्याच्या नोंदी ठेवणारा सहायक हवा आहे, अशी जाहिरात तिच्या पाहण्यात आली. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने मोबाइलवरून अर्ज भरला. सव्वाअकराला उत्तर आले की आपली पात्रता या पदाशी जुळत नाही. तिचा प्रश्न असा होता : "सर, रात्री सव्वाअकराला त्या कचेरीत कोण बसलं होतं?"

कचेरीत कोणीही बसलेले नव्हते. तिचा अर्ज माणसाने वाचलाच नव्हता. तो एका संगणकीय छाननी-यंत्रणेने वाचला, मोजला आणि बाजूला टाकला. दुसऱ्या दिवशी ती देवरीला एका संगणकाच्या दुकानात गेली, तेव्हा दुकानदाराने तिला व्यवहारातले सत्य सांगितले. साधा बायोडाटा आता चालत नाही, मशीनला चालेल असा करून घ्यावा लागतो. आणि प्रत्येक कंपनीसाठी वेगळा. एकाचे दीडशे रुपये. आठ ठिकाणी अर्ज करायचे तर बाराशे रुपये लागणार, आणि नोकरीचा पत्ता नाही. या बाराशे रुपयांचा अर्थ काय, हा प्रश्न आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गंभीरपणे विचारात घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम यंत्राचे काम कसे चालते ते समजून घेतले पाहिजे, कारण ज्याची कार्यपद्धती ठाऊक नाही त्याच्याविरुद्ध लढा उभारता येत नाही. मोठ्या कंपन्यांकडे एका जागेसाठी शेकडो, कधी हजारो अर्ज येतात. ते सगळे एका सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात. हे सॉफ्टवेअर अर्जदाराच्या बायोडाट्याचे तुकडे करते : नाव, शिक्षण, अनुभवाची वर्षे, कौशल्ये. मग जाहिरातीतील शब्दांशी या तुकड्यांची तुलना होते. काही यंत्रणा ठरावीक अट पुरी न होणाऱ्याला सरळ बाद करतात, तर काही केवळ गुणानुक्रम लावून यादी भरती-अधिकाऱ्यापुढे ठेवतात. दुसऱ्या प्रकारात माणूस निर्णय घेतो असे कंपन्या सांगतात आणि ते शब्दशः खरेही असते. परंतु हजार अर्जांच्या यादीत सातशेव्या क्रमांकावर गेलेला अर्ज कोणी उघडून पाहत नाही. बाद होणे आणि सातशेवे असणे यांतला भेद कागदावरचाच आहे.

शिवाय हे यंत्र कशावर अडखळते ते पाहा. दोन रकान्यांत मांडलेला किंवा चौकटी आखून सजविलेला मजकूर कित्येकदा त्याला नीट वाचता येत नाही. झेरॉक्स-केंद्रात छायाचित्रासारखा साठविलेला बायोडाटा पुष्कळदा त्याला कोराच दिसतो. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी कृतिदेवसारख्या जुन्या मराठी फाँटमध्ये दाखले टाइप होतात. माणसाला ते स्वच्छ मराठी दिसते, यंत्राला मात्र ती अर्थहीन रोमन अक्षरांची गर्दी असते. गावाचे नाव एका प्रमाणपत्रावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या स्पेलिंगने लिहिलेले असते. पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयातील मुलाला या गोष्टी तिथली 'प्लेसमेंट' कचेरी पहिल्या वर्षीच शिकविते. चिचगडच्या मुलीला त्या दीडशे रुपये देऊन कळतात.

आता या दीडशे रुपयांच्या सॉफ्टवेअरविषयी. त्यात कंपनीची जाहिरात आणि आपला बायोडाटा दोन्ही घालायचे. ते शंभरापैकी गुण सांगते, जाहिरातीतले कोणते शब्द आपल्याकडे नाहीत त्यांची यादी देते आणि सांगितल्यास त्या शब्दांसह बायोडाटा पुन्हा लिहूनही देते. चॅटजीपीटीसारखी साधने आल्यापासून हे काम काही सेकंदांचे झाले आहे. त्याचा चांगला उपयोग होऊ शकतो हे मी नाकारीत नाही. या मुलीने आपल्या बायोडाट्यात "तेंदूपत्ता फडीवर काम" एवढेच लिहिले होते. यंत्राच्या शब्दकोशात फडी नाही. तेच काम कंपन्यांच्या भाषेत साठा-नोंद, गुणवत्ता-तपासणी, देयक-वाटप आणि ताळमेळ या नावांनी ओळखले जाते. ही नावे लिहिली तर त्यात असत्य काहीच नाही. ते भाषांतर आहे.

परंतु सॉफ्टवेअर तिथेच थांबले नाही. गोदामांत वापरल्या जाणाऱ्या एका संगणकप्रणालीचा 'दोन वर्षांचा अनुभव' घालावा, म्हणजे गुण अठ्ठ्याण्णव होतील, असे त्याने सुचविले. मुलीने ती प्रणाली डोळ्यांनीही पाहिलेली नव्हती. दुकानदार म्हणाला, सगळेच घालतात. काही उमेदवार तर पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द दडवून ठेवतात, म्हणजे माणसाला ते दिसत नाहीत आणि यंत्राला दिसतात. अशा रीतीने एका प्रामाणिक मुलीपुढे दोनच वाटा ठेवल्या जातात : खोटे लिहा, किंवा बाद व्हा. जी व्यवस्था सामान्य माणसाला या पेचात टाकते, तिने नंतर त्याच्या नीतिमत्तेवर प्रवचन करावे, यासारखा दांभिकपणा नाही.

ही सर्व हकीकत ऐकताना मला मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आठवला. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीत काम मिळवायचे तर गिरणीच्या फाटकापाशी उभे राहावे लागे आणि कोणाला आत घ्यायचे हे जॉबर, म्हणजेच मुकादम ठरवी. मालकाला कामगार ठाऊक नसे, कामगाराला मालक ठाऊक नसे. दोघांच्या मध्ये मुकादम उभा असे. आत घेण्याबद्दल तो दस्तुरी घेई. कित्येकदा तोच सावकार असे, तोच खोलीचा मालक असे. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्यावा, त्यासाठी कामगार-अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत आणली. बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवली जाऊ लागली. १९५० साली त्यापुढचे पाऊल म्हणून नोंदणीची अधिक व्यापक योजना सुरू झाली. मुकादमाची सत्ता एका दिवसात गेली नाही आणि आपोआपही गेली नाही. कामगार संघटित झाले, भरतीचे दार सार्वजनिक नियमाखाली आणावे लागले, तेव्हा ती ओसरली.

आजचे छाननी-सॉफ्टवेअर हा नवा मुकादम आहे. तो शिवी देत नाही, पान खात नाही, आपल्या गावच्या माणसाला पुढे करीत नाही, हे खरे. पण फाटक त्याच्याच हातात आहे. आणि बायोडाटा बेतून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे त्या फाटकावरची दस्तुरी आहे. फरक इतकाच की जुना मुकादम दस्तुरी घेऊन निदान काम देत असे. ही दस्तुरी केवळ अर्ज वाचला जाण्याच्या आशेपोटी भरायची असते.

येथे काही मित्र आक्षेप घेतील. ते म्हणतील, यंत्राला जात नसते, धर्म नसतो. माणसापेक्षा यंत्र बरे. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही, कारण माणसांनी केलेल्या भरतीचा अनुभव आपल्या समाजात फार कडू आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे ४८०८ अर्ज पाठविले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढच्या फेरीस बोलावले जाण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश इतकीच आढळली. पात्रता तीच, आडनाव वेगळे. तेव्हा माणसाच्या छाननीविषयी मला कोणताही भाबडा जिव्हाळा नाही.

परंतु यंत्र शिकते कोणाकडून? माणसांनी पूर्वी केलेल्या निवडींवरूनच. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४पासून अर्जांना गुण देणारी एक यंत्रणा तयार करावयास घेतली होती. मागील दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून ती शिकली. त्यांतील बहुसंख्य अर्ज पुरुषांचे होते. परिणामी अर्जात 'महिलांचा' हा शब्द आला, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची प्रमुख असा उल्लेख आला, की यंत्रणा गुण कमी करू लागली. कंपनीला हा प्रकल्प गुंडाळावा लागला आणि २०१८ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ती हकीकत उघड केली. जुना पूर्वग्रह यंत्रात शिरला की तो गणिताचे कपडे घालून बाहेर येतो, आणि मग त्याच्याशी भांडणे अधिक अवघड होते. आडनाव झाकले तरी पिन कोड, महाविद्यालयाचे नाव, शिक्षणाचे माध्यम यांवरून जात आणि वर्ग दोन्ही ओळखता येतात. आपल्याकडे हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक पुरावा खुद्द भांडवलदारी गोटातला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथील पाहणीवरून २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. जाहिरातीतील निकषांशी तंतोतंत जुळत नाहीत एवढ्यामुळे चांगले पात्र उमेदवार गाळले जातात, हे ८८ टक्के मालकांनी स्वतःच मान्य केले. जवळजवळ निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून अधिक काळ नोकरीत खंड पडलेल्याला बाजूला सारीत होत्या. हा निकष आपल्या भागाला लावून पाहा. रोवणीला घरी परतलेला मुलगा, आजारी सासूची शुश्रूषा करणारी सून, बाळंतपणासाठी थांबलेली परिचारिका, टाळेबंदीत पायी गावी आलेला मजूर : या सर्वांच्या आयुष्यात 'खंड' आहे. त्या खंडात त्यांनी केलेले काम हेच खरे तर समाजाला तगवून धरणारे काम होते. यंत्राच्या लेखी ते शून्य आहे.

आता मूळ अर्थशास्त्राकडे वळू. बायोडाटा बेतून घेण्याने एका व्यक्तीचा लाभ होऊ शकतो. सर्वांचा होऊ शकत नाही. मिरवणूक पाहताना पुढच्याने टाचा उंचावल्या की त्याला नीट दिसते. सगळ्यांनी टाचा उंचावल्या की कोणालाच अधिक दिसत नाही आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली स्थानलाभाच्या स्पर्धेचे हे रूप विशद केले होते. शंभर उमेदवारांनी आपापले गुण अठ्ठ्याण्णववर नेले की कंपनी निकष अधिक कडक करते, त्यावर मात करणारे नवे सॉफ्टवेअर बाजारात येते, आणि खर्च पुन्हा उमेदवाराच्या माथी बसतो. आजकाल अर्ज यंत्र लिहिते आणि यंत्रच वाचते. मधल्या माणसाने फक्त पैसे भरायचे असतात. एका बाजूला कंपनीला छाननीचे यंत्र विकले जाते, दुसऱ्या बाजूला बेकाराला त्या छाननीतून निसटण्याचे यंत्र विकले जाते. बाजाराचा नफा दोन्हींकडून वाढतो आणि एकूण जागांमध्ये एकाचीही भर पडत नाही.

जागा नाहीत, हे या प्रश्नाचे मूळ आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ साली देशातील बेकारांपैकी सुमारे ८३ टक्के तरुण होते. एकूण बेकारांत शिकलेल्या तरुणांचे प्रमाण २००० साली ५४.२ टक्के होते, ते २०२२ साली ६५.७ टक्क्यांवर गेले. आपल्या राज्यात २०२३ साली तलाठ्यांच्या ४६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. खुल्या वर्गासाठी हजार आणि राखीव वर्गासाठी नऊशे रुपये शुल्क होते. दस्तुरी केवळ खाजगी फाटकावर आहे असे समजण्याचे कारण नाही. शासनही बेकाराच्या खिशात हात घालते. मार्क्सने ज्याला बेकारांची राखीव फौज म्हटले ती आज मोबाइल हातात घेऊन रात्री अकरा वाजता अर्ज भरीत बसली आहे. आणि प्रत्येक नकार तिला सांगतो की दोष व्यवस्थेचा नसून तुझ्या बायोडाट्याचा आहे. माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा अपाय तोच आहे. सामाजिक प्रश्नाचे ते व्यक्तिगत उणिवेत रूपांतर करते. बेकारांची सभा भरविण्याऐवजी बेकार एकटा बसून शब्द बदलीत राहतो.

मग आपण काय करावे? तरुणांना हे सॉफ्टवेअर वापरू नका असे सांगणे हा शहाजोगपणा ठरेल. ज्यांच्या घरी पेन्शन येते त्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, तसा उपदेश करणे तर अधिकच अशोभनीय. फाटकावर मुकादम उभा आहे तोवर पोर फाटकाशी जाणारच. आपले काम दोन पातळ्यांवर आहे.

पहिली पातळी तातडीच्या मदतीची. प्रत्येक तालुक्याच्या गावी, वाचनालयात किंवा पक्षाच्या कचेरीत, आठवड्यातून एक दिवस बायोडाटा विनामूल्य करून देण्याची सोय करावी. त्याला एक संगणक, दोन जाणते कार्यकर्ते आणि थोडी चिकाटी एवढेच लागते. साधा, एका रकान्याचा, युनिकोड अक्षरांतला मजकूर; गावाचे व संस्थेचे नाव सर्वत्र एकाच स्पेलिंगने; विद्यापीठाचे नाव संक्षेपात न लिहिता पूर्ण; आणि आपल्या भागातील कामांचे कंपन्यांच्या भाषेत प्रामाणिक भाषांतर. फडीवरचा हिशेब म्हणजे साठा-नोंद. झाडीपट्टीच्या नाटकमंडळीत प्रकाशयोजना व प्रवासाची व्यवस्था पाहिली असेल तर ते कार्यक्रम-व्यवस्थापन. बचतगटाची वही लिहिली असेल तर ते लेखाकार्य. मात्र जे केले नाही ते लिहू नये, हा नियम ठाम असावा. तो केवळ नीतीसाठी नाही. मुलाखतीत किंवा नोकरी लागल्यावर खोटे उघडे पडले तर हकालपट्टी गरिबाचीच होते. ते खोटे सुचविणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणी जाब विचारीत नाही. त्याच ठिकाणी एक वही ठेवावी : कोणी कुठे अर्ज केला, किती वेळात नकार आला, कारण कोणते दिले. अशा शंभर नोंदी जमल्या की ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो.

दुसरी पातळी कायद्याची आणि लढ्याची. न्यूयॉर्क शहराने २०२१ साली कायदा करून भरतीतील अशा यंत्रणांची दरवर्षी स्वतंत्र पक्षपात-तपासणी आणि उमेदवाराला पूर्वसूचना बंधनकारक केली. जुलै २०२३पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ती ढिली आहे अशी टीका झाली आहे आणि ती आपणही लक्षात ठेवावी, कारण तपासणारा अधिकारी नसेल तर कायदा शोभेचा राहतो. युरोपीय संघाने २०२४च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात भरतीच्या यंत्रणांना उच्च जोखमीच्या वर्गात घातले आहे. अमेरिकेत वर्कडे या कंपनीच्या छाननी-सॉफ्टवेअरमुळे भेदभाव झाला असा दावा एका अर्जदाराने २०२३ साली दाखल केला आणि मे २०२५मध्ये न्यायालयाने वयाच्या भेदभावाच्या मुद्द्यावर इतरांनाही त्यात सामील होण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक विदा-संरक्षण कायदा आहे. त्यात माहिती मागण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा अधिकार आहे. पण यंत्राने माझ्याविषयी निर्णय का घेतला हे विचारण्याचा स्वतंत्र अधिकार नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक : छाननी यंत्र करीत असेल तर जाहिरातीतच ते लिहावे. दोन : नकारासोबत कारण द्यावे आणि उमेदवाराने मागणी केल्यास माणसाकडून फेरतपासणी व्हावी. तीन : जात, धर्म, लिंग, प्रदेश आणि नोकरीतील खंड यांबाबत या यंत्रणांची सरकारी तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल मराठीतून प्रसिद्ध व्हावा. चार : अर्ज करण्यासाठी, मग तो सरकारी असो वा खाजगी, बेकाराकडून एक पैसाही घेऊ नये.

पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. फाटक सार्वजनिक झाले पाहिजे. १९५९च्या सेवायोजन कार्यालयविषयक कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळविणे बंधनकारक केले. पण तिथूनच माणसे घेण्याचे बंधन त्यांच्यावर घातले नाही. त्या एका पळवाटेने सेवायोजन कार्यालये निर्जीव झाली. तिथेही वशिला होता, रांगा होत्या, वर्षानुवर्षे बोलावणे येत नसे, हे मान्य केलेच पाहिजे. पुढे तो कायदा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू करण्यात आली आणि पळवाट होती तशीच राहिली. याउलट महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. माथाडी व हमाल कामगारांची आणि मालकांची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, मुकादमाच्या मेहेरबानीचे कारण उरले नाही. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्याचे हे फळ होते. ज्या राज्याने पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाला नोंदणीचे आणि सन्मानाचे संरक्षण दिले, त्याच राज्यात गोदामाच्या आत त्या पोत्यांची नोंद करू इच्छिणारी पदवीधर मुलगी मात्र एका अदृश्य फाटकापाशी एकटी उभी आहे. तिच्यासाठी तशीच मंडळे का असू नयेत? जिल्हावार सार्वजनिक नोंदणी, ठरावीक जागा तिथूनच भरण्याचे बंधन, निकष उघड, आणि मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी. संगणकाला आपला विरोध नाही. या मंडळाने संगणक जरूर वापरावा; त्याचे नियम मात्र लोकांनी ठरविलेले असावेत आणि लोकांना वाचता यावेत.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही दोघांनी बसून तिचा बायोडाटा पुन्हा लिहिला. फडीचे काम खऱ्या अर्थाने, पण कंपन्यांच्या शब्दांत मांडले. न पाहिलेल्या प्रणालीचा अनुभव लिहायला तिने स्वतःच नकार दिला. पुढच्या चार अर्जांपैकी एका ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले. जागा एक होती, बोलाविलेले अठ्ठावीस होते. ती नोकरी तिला मिळाली नाही. परतल्यावर ती माझ्याकडे आली, ती उरलेल्या सत्तावीस जणांपैकी अकरा जणांचे फोन नंबर लिहून घेऊन. "सर, यांनाही असेच नकार आले आहेत," ती म्हणाली, "आपण वही सुरू करू या."

ती वही आता सुरू झाली आहे. देवरी, आमगाव, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव येथील मित्रांनी आपापल्या गावी अशाच वह्या सुरू कराव्यात आणि पुढच्या जिल्हा बैठकीला त्या सोबत आणाव्यात, ही विनंती.